घणसोलीपासून गोदातीरापर्यंत : सायकलीवरून भूगोलाचा एक पाठ

भिंतीवरील नकाशात सह्याद्री ही तपकिरी रंगाची एक रेघ असते आणि गोदावरी ही निळ्या रंगाची दुसरी. त्या दोन रेघांमध्ये बोटभर अंतर दिसते, आणि परीक्षेपुरते तेवढे पुरतेही. परंतु त्या रेघेवर किती दम लागतो, तिच्या अलीकडे भात आणि पलीकडे द्राक्षे का पिकतात, पाणी कोठून कोठे वळते, हे नकाशा सांगत नाही. आगगाडीच्या वा मोटारीच्या खिडकीतूनही ते नीट समजत नाही, कारण चढाचे कष्ट तेथे यंत्र घेते आणि प्रवासी झोपेत असतो. पायी चालणाऱ्यास ते समजते, पण त्याला दिवसामागून दिवस लागतात. ह्या दोहोंच्या मध्ये एक साधन आहे, ते म्हणजे सायकल. सायकल ही भूगोलाची प्रयोगशाळा कशी होऊ शकते, हे दाखविणे हा ह्या पाठाचा हेतू होय.

पालकवर्गाच्या मनात येथे दोन शंका येतील हे आम्ही जाणतो. पहिली, अभ्यासाचा वेळ वाया जाईल. दुसरी, रस्त्यावर मुलाच्या जिवास धोका आहे. पहिलीचे उत्तर ह्या पाठातच मिळावे. दुसरी शंका खरी आहे. तिचा विचार शेवटी स्वतंत्रपणे करू.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊ. जर्मनीतील कार्ल ड्राइस ह्याने सन १८१७ मध्ये दोन चाकांची लाकडी गाडी केली. ती पायांनी जमीन ढकलून चालवावी लागे. पायडल पुढे १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये प्रचारात आले. मागील चाकास साखळीने गती देणारी, दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली सायकल इंग्लंडात १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली ह्याने आणली, आणि १८८८ मध्ये डनलॉप ह्याने हवेची धाव बसविली. आज आपण जी सायकल चालवितो, तिचा सांगाडा त्या वेळेपासून फारसा बदललेला नाही.

आता मार्गास लागू. आपले घणसोली गाव पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि पूर्वेस पारसिकचा डोंगर ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या सपाटीवर वसले आहे. येथून उत्तरेस ऐरोली, कळवा, खारेगाव असे गेले की मुंबई–नाशिक महामार्ग लागतो. भिवंडीजवळून पडघा, शहापूर, कसारा, मग घाट, इगतपुरी, घोटी आणि नाशिक असा हा सुमारे दीडशे किलोमीटरांचा पल्ला आहे. शहापूरपर्यंत जमीन हळूहळू चढते. इतकी हळू की डोळ्यांस ती सपाटच वाटते, पण पायांस तो चढ आधी कळतो. ह्याच पट्ट्यात भातसा आणि वैतरणा ह्या नद्यांचे पाणी अडवून ते मुंबईस नेले आहे. येथवरचे सर्व पाणी पश्चिमेस अरबी समुद्राकडे धावते, हे ध्यानात ठेवावे.

कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत रस्ता सुमारे तीनशे मीटर उंच चढतो. हा तो थळघाट होय. येथील लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका आहे, आणि तेवढ्यासाठीही गाडीस मागून जादा इंजिने लावावी लागतात. मग सायकलस्वाराचे काय? आपण हिशेबच करू. स्वार, सायकल व पाण्याच्या बाटल्या मिळून पंचाहत्तर किलोग्रॅम वजन धरा. ते तीनशे मीटर उचलावयाचे, तर ७५ × ९.८ × ३०० म्हणजे सुमारे २ लक्ष २० हजार ज्यूल इतके कार्य करावे लागते. मनुष्याचे शरीर अन्नातील शक्तीचा साधारण चौथा हिस्साच पायडलापर्यंत पोहोचविते. बाकीची उष्णतेत जाते. म्हणून ह्या चढास सुमारे २१० कॅलरी, म्हणजे लहानशा दोन भाकरींइतके अन्न, खर्ची पडते. इतका मोठा घाट, आणि किंमत दोन भाकरी! तर मग घाटात माणूस हरतो तो कशाने? तो घाईने हरतो. हेच कार्य एका तासात केले तर ६१ वॅट शक्ती लागते; अर्ध्या तासात करू म्हटले तर १२२ वॅट. पहिली गोष्ट निरोगी मुलास साधेल. दुसरीत सराव नसलेल्याची छाती लवकरच भरून येईल.

गिअरची योजना ह्याच घाईवर उपाय म्हणून झाली आहे. पुढील दातेरी चाकास ३४ दाते आणि मागील चकतीस १७ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागील चाक दोन फेरे घेते व सायकल सुमारे ४.२ मीटर पुढे जाते. मागील चकती ३४ दात्यांची घेतली की ती २.१ मीटरच जाते. म्हणजे फेरे दुप्पट झाले, पण प्रत्येक फेऱ्याचा भार निम्मा झाला. एकूण कार्य रतिभरही कमी होत नाही; ते फक्त लहान लहान हप्त्यांत फेडले जाते. फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत ‘टूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये सहा टप्प्यांनी व २,४२८ किलोमीटरांनी सुरू झाली. तीत साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकविणाऱ्या यंत्राची मोकळीक १९३७ पर्यंत नव्हती. ज्यांस बल दाखवावयाचे होते त्यांस गिअर कमीपणाचा वाटे. ज्यांस डोंगर ओलांडावयाचा होता त्यांस तो शहाणपणाचा वाटला. बीजगणिताचे कठीण उदाहरण पायऱ्या पाडून सोडविणारा विद्यार्थी ह्यापेक्षा निराळे काय करतो?

इगतपुरीस पोहोचले की देश बदलतो. येथे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भाताची खाचरे सर्वत्र दिसतात. तेथून नाशिक अवघे पंचेचाळीस किलोमीटर, पण तेथे पाऊस सुमारे सातशे मिलिमीटर, आणि पूर्वेस निफाडकडे त्याहूनही कमी. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होऊन आपले ओझे तेथेच टाकतात, हा पुस्तकातील ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ सायकलस्वार एका सकाळी प्रत्यक्ष ओलांडतो. पाण्याची दिशाही येथे उलटते. इगतपुरीजवळून निघणारी दारणा पूर्वेस वळून गोदावरीस मिळते, आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास जाते. घाटमाथ्यावर दोन हातांच्या अंतराने पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांस दोन निराळे समुद्र मिळू शकतात!

भात मागे पडून दिंडोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड ह्या भागात द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. पाण्याचा निचरा होणारी जमीन, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची, कोरडा व थंड हिवाळा आणि धरणांचे व विहिरींचे पाणी, हे येथील द्राक्षशेतीचे चार आधार आहेत. येथे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा करतात. एप्रिलची ती ‘खरड छाटणी’. तिने नव्या काड्या फुटून उन्हाळ्यात त्यांत फळाचे डोळे तयार होतात. दुसरी ऑक्टोबरच्या सुमाराची. तिने घड येतात, व ते जानेवारीपासून एप्रिलपर्यंत उतरवितात. मधल्या काळात एखादा अवेळी पाऊस वा गारपीट झाली, तर वर्षाची मेहनत तासाभरात मातीमोल होते. बाजारात द्राक्षांचा भाव विचारताना हे आठवावे.

फ्रान्समध्ये हाच वेल निराळे वर्ष जगतो. हिवाळ्यात तो पाने गाळून निद्रिस्त असतो, वसंतात फुटतो, जूनच्या सुमारास फुलतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची तोडणी होते. बर्गंडी प्रांतात सोन नदीच्या सपाटीवर धान्य व कुरणे आहेत, आणि तिच्या पश्चिमेच्या पूर्वाभिमुख टेकड्यांच्या उतारावर द्राक्षे. सकाळचे ऊन उतारावर लवकर पडते, पाणी मुळांशी साचत नाही, आणि थंड हवा खाली उतरून जाते. नदी, सपाटी, टेकडी, वेल हा क्रम सायकलवरून जाणारा तेथेही तसाच वाचतो. दोन्ही देशांस जोडणारा आणखी एक धागा आहे. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म किडीने फ्रान्समधील वेलांची मुळे खाऊन मळे उजाड केले; तेव्हा अमेरिकन वेलाच्या मुळावर फ्रेंच वेलाचे कलम करून ते वाचविण्यात आले. नाशिककडे क्षार व पाण्याचा ताण सोसण्यासाठी अशाच परदेशी ‘डॉगरीज’ खुंटावर कलमे करतात.

घाट संपला म्हणजे कष्ट संपले असे मात्र नव्हे. सपाटीवर शत्रू असतो वारा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडण्यास शक्ती आठपट लागते. म्हणूनच जाणते स्वार एकामागे एक, आलटून पालटून पुढे होऊन जातात. मागच्यास आडोसा मिळतो व त्याचे बरेच बळ वाचते. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ह्या शर्यतीत उतरले, आणि दोघांनी पाळीपाळीने सायकल चालवीत ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. पुढे २०१७ मध्ये सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पार केली. वैद्यकासारखा कठीण अभ्यास केलेली ही माणसे आहेत. सायकलीने अभ्यास बुडतो असे म्हणणाऱ्यांनी ह्या नावांचा विचार करावा.

आता पालकांची दुसरी शंका. ठाणे–बेलापूर रस्ता किंवा नाशिकचा महामार्ग हा मुलांनी एकट्याने जावयाचा मार्ग नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. गंमत अशी की ज्या ट्रकची आपणांस भीती वाटते, त्यांतील काही नाशिकची द्राक्षेच शीतपेटीतून न्हावाशेवा बंदराकडे नेत असतात. ट्रकही हवा आणि मूलही सुखरूप हवे, तर दोघांस वाट वेगळी हवी. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरांचा सायकलमार्ग आखलेला आहे. आणि बर्गंडीत जिव्री ते क्लूनी हा बंद पडलेला लोहमार्ग १९९७ मध्ये सायकलींस व पादचाऱ्यांस मोकळा केला. तेथे आजोबा व नातवंडे बरोबर फिरतात. असे मार्ग आपल्या नगरांतही मागणे हे नागरिकाचे काम आहे, आणि ती मागणी पालकांखेरीज कोण करणार?

तोपर्यंत मुलांनी नियम पाळावे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे. डोक्यास शिरस्त्राण, मागे लाल दिवा व अंगात उजळ कपडे असावेत. समृद्धी महामार्गावर सायकलीस मनाई आहे हे जाणावे. उतारावर वेग दुप्पट झाला की थांबण्यास अंतर चौपट लागते, म्हणून दोन्ही ब्रेक आधीपासून हलके धरावे. आरंभ गावच्या अंतर्गत रस्त्यांवर, रविवारच्या पहाटे, वडीलधाऱ्यांसह करावा. घणसोलीहून ऐरोलीच्या खाडीपर्यंत गेले तरी पुष्कळ झाले. ती खाडी आणि निफाड तालुक्यातील गोदाकाठचे नांदूर मध्यमेश्वर, ही दोन्ही स्थळे पाणथळ भूमींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत; दोन्हीकडे हिवाळ्यात दूरचे पक्षी उतरतात. म्हणजे ह्या मार्गाचे पहिले पान आपल्या दाराशीच उघडे आहे. शेवटचे पान बळ व वय वाढल्यावर वाचता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न :

१. तुमचे व तुमच्या सायकलीचे वजन करा, आणि थळघाट चढण्यास तुम्हांस किती ज्यूल कार्य करावे लागेल ते काढा.

२. तुमच्या सायकलीचे पुढील व मागील दाते मोजा. पायडलाच्या एका फेऱ्यात ती किती पुढे जाते हे गणिताने काढा, आणि मग अंगणात प्रत्यक्ष मोजून ताडा.

३. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढून त्यात चढ, उतार व पावसाच्या पाण्याची वाहण्याची दिशा दाखवा. जेथे सायकलस्वारास धोका आहे ती स्थळे लाल रंगाने खुणावून तो नकाशा घरी वडिलांस व आईस समजावून सांगा.