बालवयात तंतुवाद्याचे शिक्षण

इंदूरचे नाव घेताच संगीतप्रेमींना उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांची गायकी आठवते. परंतु या थोर गायकाच्या शिक्षणाचा प्रारंभ सारंगीपासून झाला, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी सारंगी व बीन वाजवीत. त्यांनी मुलाला प्रथम सारंगीचे धडे दिले आणि पुढे त्याचा कल ओळखून त्यास गायनाकडे वळविले. सारंगीला पडदे नसल्यामुळे स्वराची नेमकी जागा कानानेच शोधावी लागते. कान तयार करणे हाच तंतुवाद्य शिक्षणाचा खरा लाभ होय.

वाद्याची निवड : मूल वाद्य सोडून देते, तेव्हा बहुधा दोष मुलाचा नसून वाद्याच्या मापाचा असतो. सारंगीची तार नखाच्या मुळाशी टेकवून वाजवावी लागते. कोवळ्या त्वचेला ते सोसत नाही. पूर्ण मापाची सतार लहान हातांना आवरत नाही. व्हायोलिन मात्र पाव, अर्धे, पाऊण अशा मापांत मिळते. हात लांब केला असता वाद्याच्या टोकाला मुलाची बोटे सहज वळली पाहिजेत. मोठे वाद्य 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून घेऊ नये.

पाठाचा क्रम : वाद्य शिक्षकाने स्वतः जुळवून द्यावे. प्रथम मोकळ्या तारांवर गज सरळ ओढण्याचा सराव द्यावा. प्रत्येक स्वर मुलाने आधी गावा, मग वाजवावा. त्यानंतर सा, रे, ग हे तीनच स्वर घेऊन त्यांचे सहा क्रम (सारेग, सागरे, रेसाग, रेगसा, गसारे, गरेसा) खेळाप्रमाणे वाजवून घ्यावेत. अमीर खाँ यांना वडिलांनी शिकविलेल्या मेरुखंड पद्धतीचे मूळ तत्त्व हेच आहे. चार स्वरांचे असे चोवीस क्रम होतात.

सराव व पालक : लहान मुलास रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव पुरेसा आहे, आठवड्यातून एकदा तासभर बसविण्यापेक्षा तो अधिक फलदायी ठरतो. बोटे दुखू लागताच थांबावे. जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) मातृभाषेप्रमाणे संगीतही आधी ऐकून शिकवावे असे सांगत व प्रथम पालकालाच वाद्य हाती धरावयास लावीत. आपल्याकडेही पालकांनी घरी रोज चांगले वादन ऐकवावे आणि सरावाच्या वेळी मुलाजवळ बसावे.

प्रत्येक मूल वादक होणार नाही. परंतु बेसूर व सुरेल यांतील भेद ओळखणारा कान त्यास जन्मभर साथ देईल.