दोघांची एक यादी : घरावरचे कर्ज आटोक्यात कसे आणावे

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू. घरावर एकूण देणे किती हे नवरा-बायकोने मिळून कसे मोजावे, त्यातले कोणते आधी फेडावे आणि पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून काय करावे.

कर्ज कागदावर एकाच्या नावाचे असते, पण हप्ता घराच्या पैशातून जातो. म्हणून जे देणे जोडीदाराला माहीत नसते, तेच आटोक्यात आणणे सर्वांत अवघड जाते. दोघांनी मिळून एक पूर्ण यादी केली की अर्धे काम झाले. उरलेले काम साध्या बेरीज-वजाबाकीचे असते.

झाशीतील एक जुने देणे

झाशीचे नेवाळकर हे मराठी राजघराणे. गंगाधररावांच्या आधीच्या कारकिर्दीत संस्थान कर्जात बुडाले होते. इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला आणि काही वर्षांनी तो गंगाधररावांकडे परत आला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. १८५४ मध्ये इंग्रजांनी झाशी खालसा केली आणि राणी लक्ष्मीबाईंना दरमहा ५,००० रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ केले. पुढे पतीच्या मागे राहिलेले देणे याच निवृत्तिवेतनातून फेडावे, असा लकडा सरकारने लावला. राणींनी त्याला हरकत घेतली. राज्य गेले, उत्पन्न गेले, देणे मात्र पत्नीच्या दारी येऊन उभे राहिले.

झाशीच्या इतिहासात याचा पुढचा धडाही आहे. १८८२ मध्ये झाशी भागातील कर्जबाजारी जमीनदारांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. अशा कायद्यांची पहिली पायरी ठरलेली असे: कोणाचे किती येणे आहे ते सर्व सावकारांनी मुदतीत मांडावे. आधी पूर्ण यादी, मग फेडीचा बेत. आपल्या घरातही हाच क्रम ठेवायचा आहे.

आज कायदा काय सांगतो

आज परिस्थिती वेगळी आहे. ती दोघांनाही माहीत असावी.

१. केवळ पत्नी किंवा पती आहे म्हणून जोडीदाराचे कर्ज स्वतःच्या कमाईतून फेडण्याची कायदेशीर जबाबदारी येत नाही.

२. आपण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र जबाबदारी येते. जामीनदाराची जबाबदारी साधारणपणे मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही कर’ असे कोणी म्हटले तरी ती सही नुसती नसते.

३. कर्जदार वारल्यास त्याच्या मालमत्तेतून देणे वसूल होऊ शकते. वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते.

४. सरकारी निवृत्तिवेतनावर देणेकऱ्यांना कोर्टातून जप्ती आणता येत नाही. १८७१ च्या पेन्शन कायद्याने हे संरक्षण दिले आहे. राणींच्या वेळी तो कायदा नव्हता.

तरीही कायद्याने सुटलो म्हणजे घर सुटले असे नाही. तारण ठेवलेले दागिने, दुचाकी, मुलांची फी या सगळ्याला धक्का बसतोच. म्हणून पुढचे काम दोघांचे आहे.

पहिली बैठक : यादी करणे

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मुले झोपल्यावर, तासभर वेळ काढा. पासबुके, कार्डाचे बिल, तारणाच्या पावत्या, मोबाइलवरचे हप्त्यांचे संदेश समोर ठेवा. बैठकीआधी एक गोष्ट ठरवा: आज कोणीही कोणाला ‘हे कर्ज का काढलेस?’ असे विचारायचे नाही. आज फक्त ‘किती, कोणाचे, किती टक्क्यांनी?’ एवढेच विचारायचे.

हा नियम महत्त्वाचा आहे. कर्ज लपवले जाते ते बहुतेक वेळा लाजेपोटी. नवऱ्याला वाटते, घर चालवणे मला जमले नाही असे ती म्हणेल. बायकोला वाटते, गटाचे कर्ज माहेरच्या लग्नासाठी काढले हे कळले तर घरात बोलणी खावी लागतील. पहिल्याच दिवशी भांडण झाले तर दुसरे लपवलेले कर्ज कधीच बाहेर येत नाही.

काही सुटले असेल अशी शंका असल्यास दोघांनीही आपापला पत अहवाल काढावा. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. बँका आणि वित्तसंस्थांची कर्जे त्यात दिसतात. सावकार, नातेवाईक आणि दुकानाची उधारी मात्र त्यात नसते. ती आपणच आठवून लिहायची.

एक उदाहरण

समजा, झाशीत राहणारे एक मराठी जोडपे आहे. तो सीपरी बाजारातल्या दुकानात नोकरी करतो, पगार १६,५०० रुपये. ती घरी शिवणकाम करते, महिन्याला साधारण ८,००० रुपये मिळतात. घरात येतात २४,५०० रुपये. भाडे, किराणा, फी, दवाखाना धरून खर्च १६,००० रुपये. उरतात ८,५०० रुपये. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.)

बैठकीत पुढील यादी निघाली:

• क्रेडिट कार्ड (त्याचे, तिला माहीत नव्हते) : बाकी १५,००० रु., व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. दरमहा किमान भरणा ७५० रु.
• सावकार (त्याचे, तिला माहीत नव्हते) : बाकी २०,००० रु., व्याज शेकडा ३ रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दरमहा नुसते व्याज ६०० रु.
• सूक्ष्मकर्ज (तिचे, त्याला माहीत नव्हते) : बाकी १८,००० रु., वर्षाला २४ टक्के. दरमहा हप्ता १,९०० रु.
• सोनेतारण (दोघांना माहीत) : बाकी ४०,००० रु., वर्षाला १२ टक्के. दरमहा व्याज ४०० रु.
• दुचाकी (दोघांना माहीत) : बाकी सुमारे ३६,४०० रु., वर्षाला १२ टक्के. दरमहा हप्ता २,८०० रु., १४ हप्ते उरले.
• भावाकडून हातउसने : १०,००० रु., व्याज नाही.

एकूण देणे १,३९,४०० रुपये. दोघांपैकी प्रत्येकाला वाटत होते की देणे याहून बरेच कमी आहे. दरमहा बांधील रक्कम ६,४५० रुपये. म्हणजे ८,५०० मधून उरतात २,०५० रुपये. याच दोन हजारांवर पुढचा सगळा बेत उभा आहे.

कोणते आधी फेडायचे?

नियम सोपा आहे. सर्व हप्ते वेळेवर भरायचे आणि जास्तीची रक्कम सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर टाकायची. सर्वांत मोठे कर्ज किंवा सर्वांत जास्त तगादा लावणारा माणूस आधी, असे नाही.

या घराने २,०५० पैकी ५५० रुपये अडीअडचणीसाठी बचत खात्यात ठेवले आणि १,५०० रुपये कार्डावर टाकले. कार्ड दोघांनी मिळून बंद डब्यात ठेवले.

कार्डावर दरमहा ७५० रुपयेच भरत राहिले असते तर ते फिटायला सुमारे ३५ महिने लागले असते आणि एकूण सुमारे २६,००० रुपये गेले असते. दरमहा २,२५० रुपये भरल्यास ८ महिन्यांत काम होते आणि एकूण सुमारे १७,४०० रुपये जातात. (व्याजावरील जीएसटी यात धरलेला नाही.)

आठव्या महिन्यानंतर तेच २,२५० रुपये सावकाराकडे वळतात. अकराव्या महिन्यात सूक्ष्मकर्ज संपते, त्याचे १,९०० रुपयेही बाराव्या महिन्यापासून सावकाराकडे जातात. चौदाव्या महिन्यात सावकार आणि दुचाकी दोन्ही फिटतात. आता दरमहा जवळजवळ ८,००० रुपये मोकळे होतात. त्यातून सहा महिन्यांत दागिने सुटतात आणि एकविसाव्या महिन्यापर्यंत भावाचे पैसेही परत होतात.

पगार वाढला नाही, लॉटरी लागली नाही. एक हप्ता संपला की तो पैसा खर्चात जाऊ दिला नाही, एवढेच केले.

लक्षात ठेवण्यासारखे

• सावकाराला आधी विचारा: मुद्दल थोडे थोडे घेणार का? प्रत्येक वेळी पावती घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे.

• सूक्ष्मकर्ज देताना रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पती, पत्नी आणि अविवाहित मुले हे एकच कुटुंब धरले जाते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे आणि सर्व कर्जांची मिळून मासिक फेड उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नये. हे कर्ज बिनतारण असते आणि मुदतीआधी फेडल्यास दंड नसतो. नियम कुटुंब एक धरतो, मग घरात दोन वेगळ्या वह्या ठेवून काय उपयोग?

• सोनेतारणाची मुदत कधी संपते ते यादीत लिहा. मुदत संपण्याआधी शाखेत जाऊन नूतनीकरणाची चौकशी करा. नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास लिलावाची पाळी येते.

• नवे कर्ज काढून जुने फेडायचे असेल तर दोन अटी पाळा. नव्याचे व्याज स्पष्टपणे कमी हवे आणि जुने त्याच दिवशी बंद व्हायला हवे. नाहीतर एकाची दोन कर्जे होतात.

• ठेव आणि महागडे कर्ज एकाच वेळी सांभाळू नका. १०,००० रुपयांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७०० रुपये मिळतात. तेवढीच बाकी कार्डावर असेल तर ४,२०० रुपये व्याज जाते. अडीअडचणीपुरते ठेवून उरलेली ठेव मोडणे शहाणपणाचे.

• हप्ता थकणार असे दिसल्यास तारीख उलटण्याआधी दोघांनी मिळून शाखेत जावे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करणे नियमबाह्य आहे. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

मागे राहणाऱ्यासाठी

कमावणारा माणूस अचानक गेला तर हप्ते थांबत नाहीत. म्हणून कर्ज फिटेपर्यंत तरी विम्याचे कवच हवे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख रुपयांचे आयुर्विमा कवच मिळते. नाव नोंदवण्याचे वय १८ ते ५०. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती कवच मिळते, वय १८ ते ७०. दोन्हींसाठी बचत खाते असलेल्या बँकेत अर्ज करता येतो. वरच्या घराने दोघांच्याही नावे हे विमे घ्यायचे ठरवले तर वर्षाला ९१२ रुपये लागतील. तिच्या शिवणकामावरही एक हप्ता चालतो, म्हणून तिचाही विमा तेवढाच गरजेचा.

खात्यांना नामनिर्देशन आहे ना, तेही याच वेळी तपासा. यादी कुठे ठेवली आहे हे दोघांना माहीत असू द्या.

दर महिन्याची बैठक

पहिल्या बैठकीनंतर दर महिन्याला पंधरा मिनिटे पुरतात. तीन प्रश्न विचारा: या महिन्यात बाकी किती कमी झाली? नवे काही घेतले का? पुढच्या महिन्यात सण, लग्न, फी असा कोणता मोठा खर्च आहे? ऋण काढून सण करण्याची वेळ बहुतेकदा सण आठवड्यावर आल्यावर हिशेब सुरू केल्यामुळे येते.

एक रक्कमही ठरवा, समजा १,००० रुपये. त्याहून जास्त उधारी किंवा हप्ता एकमेकांना विचारल्याशिवाय करायचा नाही. हा नियम दोघांना सारखा. त्याच वेळी दोघांसाठीही थोडे पैसे बिनहिशेबाचे ठेवा, शंभर-दोनशे का होईना. प्रत्येक चहाचा हिशेब मागितला की माणूस पुन्हा लपवू लागतो.

स्वाध्याय

१. आपल्या घरावरच्या सर्व देण्यांची यादी करा: कोणाचे, किती बाकी, वार्षिक व्याज, हप्ता, शेवटची तारीख, सही कोणाची.
२. शेकडा २ रुपये महिना म्हणजे वर्षाला किती टक्के? (उत्तर : २४)
३. आपल्या यादीतील सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जाभोवती गोल करा. या महिन्यात त्यावर जास्तीचे किती भरता येतील?
४. आपण कोणासाठी जामीन राहिला आहात का? असल्यास जोडीदाराला आजच सांगा.