गुपित राखण्याचं वचन
शास्त्रपाठ : निर्गम 18:13-26



सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक मोशेभोवती उभे असत आणि तो एकटाच सर्वांचा न्याय करी. सासरा इथ्रो याने ते पाहिलं आणि हे बरं नाही असं स्पष्ट सांगितलं. तू थकशील, एवढंच तो म्हणाला नाही. तुझ्याबरोबरचे लोकही थकतील, असं म्हणाला. हे दुसरं मी कित्येकदा वाचूनही लक्षात घेतलं नव्हतं.

सातपुड्यातल्या एका वसतिगृहात मी संध्याकाळी मुलींचा अभ्यास घेते. नववीतल्या एका मुलीवर माझा फार जीव. तिला चपला आणल्या, माझा नंबर दिला, तिच्या वडिलांना बियाण्यासाठी हातउसने पैसेही दिले. मला ती सेवाच वाटे. एके दिवशी ती रडत म्हणाली, "होळी झाली की माझं लग्न आहे. ताई, कुणाला सांगू नका, वचन द्या." मी दिलं.

तीन आठवडे एकटीच धडपडले. घरी गेले, तर वडील म्हणाले, "ताई, तुम्ही तर घरच्याच. लग्नालाही थोडी मदत करा." माझ्याच पैशांनी माझं तोंड बंद केलं होतं. शेवटी वचन मोडून अधीक्षिकाबाईंना सांगितलं. त्यांनी 1098 ला फोन केला, ग्रामसेवकांना कळवलं (गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात) आणि लग्न थांबलं. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. त्या तीन आठवड्यांत मुलीने नीट जेवणही घेतलं नव्हतं.

आता पहिल्याच तासाला मी मुलींना सांगते : काहीही सांगा, मी ऐकेन, पण तुम्हाला धोका असेल तर गप्प राहणार नाही, आणि कुणाला सांगणार ते आधी तुम्हाला सांगेन. लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पोक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारकच आहे. पैशांची मदत फक्त संस्थेमार्फत. एकटीशी बोलायचं तर व्हरांड्यात, सर्वांना दिसेल असं. यातलं शेवटचं काही सहकाऱ्यांना अविश्वासाचं वाटतं, मला नाही. मोशेनेही लोकांना सोडलं नाही, अवघड प्रकरणं त्याच्याकडे येतच राहिली.

ती मुलगी आता दहावीत आहे. माझ्याशी अजून मोजकंच बोलते, पण अभ्यासाला अधीक्षिकाबाईंजवळ बसते. तिच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा.