सूर्य आणि भूचुंबकत्व : एका नात्याचा शोध

होकायंत्राची सुई ध्रुवताऱ्याच्या आकर्षणाने उत्तरेकडे वळते, अशी समजूत युरोपात दीर्घकाळ प्रचलित होती. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यांनी इ. स. १६०० मध्ये पृथ्वी हीच एक प्रचंड चुंबक असल्याचे प्रतिपादन केले. परंतु ही सुई पूर्णतः स्थिर नसते. जॉर्ज ग्रॅहॅम यांनी १७२२ मध्ये लंडन येथे तिची दिवसभरातील सूक्ष्म हालचाल टिपली. कधी कधी तर ती एकाएकी अस्थिर होई. अशा क्षोभाला पुढे 'चुंबकीय वादळ' हे नाव मिळाले.

सूर्यावरील डागांची साक्ष

सूर्यावरील डाग सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने कमीअधिक होतात, असे हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये जाहीर केले. चुंबकीय वादळेही याच आवर्तनाने वाढतात व घटतात, हे एडवर्ड सॅबाइन यांनी १८५२ मध्ये दाखविले. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांना डागांच्या समूहावर प्रखर प्रकाश काही मिनिटे दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत झाली. तथापि, एकाच घटनेवरून निष्कर्ष काढण्याचे कॅरिंग्टन यांनी टाळले.

केल्व्हिन यांचा आक्षेप

१८९२ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन यांनी हा संबंध अमान्य केला. आठ तासांच्या एका मध्यम वादळासाठी सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता व प्रकाशाइतकी शक्ती खर्चावी लागेल, असे त्यांचे गणित होते. सूर्याचा चुंबकीय प्रभाव सर्व दिशांना सारखा पसरतो, हे त्यात गृहीत होते.

हे गृहीतच चुकीचे ठरले. वादळे बहुधा २७ दिवसांनी पुन्हा येतात, असे एडवर्ड मॉन्डर यांना ग्रिनिच वेधशाळेच्या नोंदींत १९०४ मध्ये आढळले. पृथ्वीवरून पाहता सूर्याचे स्वतःभोवतीचे एक परिवलन तितक्याच काळात होते. याचा अर्थ, हा प्रभाव सूर्याच्या विशिष्ट भागातून, मर्यादित झोताच्या रूपाने येतो.

नोंदींचे मोल

१८५९ चे ते वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही नोंदले गेले होते. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मोजमापे दूषित होऊ नयेत म्हणून हे कार्य १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. त्या वादळाची तीव्रता ठरविण्यासाठी २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्याच नोंदींचा आधार घेतला. थोरांचा अधिकार जेथे चुकला, तेथे नित्यनेमाने ठेवलेल्या नोंदींनी विज्ञानाला मार्ग दाखविला.