क्रॉनमध्ये ओळ टाकण्याआधी

रात्री दोनचा बॅकअप क्रॉनवर लावणार आहेस ना? मग आधी बस जरा.

ओळीत पहिले पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मिनिटाच्या जागी शून्य लिही. मी एकदा तिथे तारा ठेवून घरी जाऊन झोपलो. तारा म्हणजे दर मिनिटाला. दोन ते तीनच्या दरम्यान बॅकअप साठ वेळा सुटला. सकाळी डिस्क तुडुंब आणि साहेब दारात.

तारीख आणि वार एकाच ओळीत घालू नकोस. १३ तारीख आणि शुक्रवार लिहिलंस, तर क्रॉन दर १३ तारखेलाही चालवतो आणि दर शुक्रवारीही. सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपले रात्रीचे दोन म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे २०:३०. आधी 'डेट' मारून बघ.

'हाताने चालतं, क्रॉनमधून चालत नाही' हे रडगाणं मी किती वेळा ऐकलंय! बहुतेकदा कारण एकच, तुझ्या लॉगिनचा पाथ क्रॉनला मिळत नाही. परक्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे आहे ते सांगावं लागतं, तसा प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता दे. फाइलच्या नावात तारीख घालणार असशील तर टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश टाक, नाहीतर क्रॉन ओळ तिथेच तोडतो. यात माझी अख्खी दुपार गेली होती.

आणि हे सगळं मला विचारत बसू नकोस, मशीनमध्येच लिहिलेलं आहे. नुसतं 'मॅन क्रॉनटॅब' मारलंस तर कमांडचं पान येतं. रकान्यांचं पान पाचव्या विभागात, म्हणून 'मॅन ५ क्रॉनटॅब'. कमांडचं नावच आठवत नसेल तर 'मॅन -के' आणि पुढे विषयाचा शब्द. पानात स्लॅश देऊन शोधायचं, 'एन'ने पुढे, 'क्यू'ने बाहेर. शेवटी 'बग्ज' मथळा असेल तर तो चुकवू नकोस. १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून लिहिणारेच आपल्या प्रोग्रॅमच्या खोडी तिथे कबूल करत आलेत. असा प्रामाणिकपणा आता कुठे दिसतो?

एक राहिलंच. 'क्रॉनटॅब -ई'ने यादी उघडते, '-आर'ने ती अख्खी पुसली जाते, तीही बहुतेक ठिकाणी न विचारता. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत. तेव्हा आत्ताच '-एल'ने यादी एका फाइलमध्ये काढून ठेव. तोवर मी चहा सांगतो.