रोजचा थकवा : त्याची कारणे व उपाय

'हल्ली काही केले नाही तरी थकायला होते', हे वाक्य आपल्या मंडळींच्या बैठकीत वारंवार कानावर येते. दिवसभर राबून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो झोपून उठल्यावरही अंगात उरणाऱ्या थकव्याचा. त्यावर शक्तिवर्धक औषधाची बाटली आणण्यापूर्वी आपली दिनचर्या एकदा तपासून पाहावी.

प्रथम झोप. प्रौढ माणसास रात्री निदान सात तास झोप हवी. आपण इंदूरकर मात्र दिवसा सोन्याचांदीच्या आणि रात्री खाण्याच्या सराफ्यात रमणारे! पाहुणे आले असता एखादे दिवशी तेथे जाण्यास हरकत नाही. पण घरीही जेवण दहाला आणि त्यापुढे मध्यरात्रीपर्यंत हातात मोबाइल, असा रोजचा क्रम असेल तर सकाळी अंग जड वाटणारच. चहाचेही तसेच. त्यातील कॅफिन निम्मे उतरण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी सहाला घेतलेला कप रात्री अकरालाही अर्धा अंगात असतो. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्यावा.

आता जे सांगावयाचे ते विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकावे. माझ्या परिचयाच्या एका घरी सूनबाई दुपारी आडव्या झाल्या की 'आमच्या वेळी असे नव्हते' हे ठरलेले. पुढे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघाले. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे ते बारा ग्रॅमच्या खाली असू नये. त्या बाईंस आम्ही सर्वांनी मिळून आळशी ठरविले होते, आणि त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे साधनच अपुरे होते! हे घर अपवाद नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. मासिक पाळीत लोह जाते, बाळंतपणात जाते. आणि सर्वांचे वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाण्याची आपली जुनी रीत ते भरून येऊ देत नाही. पालेभाजी व उसळ शेवटच्या पानापर्यंत पुरली पाहिजे.

हरभरे, मेथी, तीळ, हळिवाचे लाडू यांत लोह आहे. पण वनस्पतींतील लोह शरीरास सहजी लागत नाही. आंबट फळे त्यास मदत करतात, चहा अडथळा करतो. म्हणून पोह्यांवर लिंबू अवश्य पिळावे, पण त्यांच्याबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलावा. (इंदुरात हे सांगणे धाडसाचे आहे, हे मी जाणतो.) एकदा रक्तक्षय झाला की मात्र केवळ आहाराने भागत नाही, वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात, आणि रक्त का कमी झाले तेही शोधावे.

शाकाहारी मंडळींनी बी-१२ जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्यावे. ते धान्य-भाज्यांत नसते, दूध-दह्यात थोडे असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी कमी होऊ शकते.

बैठ्या कामाचाही शीण येतो, हे पुष्कळांना पटत नाही. न वापरलेले स्नायू दुबळे होतात व जिना चढतानाही दम लागतो. आठवड्यास दीडशे मिनिटे भरभर चालावे; एकदम जमत नसेल तर जेवणानंतर दहा मिनिटांपासून आरंभ करावा.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांकडे जावे. वजन आपोआप घटणे, वारंवार तहान व लघवी लागणे, थंडी सहन न होणे ही लक्षणे असल्यास तेवढेही थांबू नये; धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर त्याच दिवशी जावे. मोठ्याने घोरणाऱ्यांपैकी काहींचा श्वास झोपेत मधूनमधून अडतो व रात्रभर पडूनही विश्रांती मिळत नाही. हे स्वतःस कळत नाही. घरच्या मंडळींस विचारावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे.