वाट दाखवण्याचा जोडधंदा

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला डोंगर पाठ असतो. कोणती वाट निसरडी, पाणी कुठं मिळतं, धुकं उतरलं की कुठून माघारी फिरायचं, हे त्याला ठाऊक असतं. शहरातून आलेल्या पाहुण्याला ते ठाऊक नसतं. म्हणून त्याला वाटाड्या लागतो. ही माहिती म्हणजे आपलं भांडवल आहे. तिचे पैसे घेण्यात लाज कसली?

राजगडाचं उदाहरण घेऊ. हा किल्ला पुणे जिल्ह्यात आहे. शिवाजी महाराजांची राजधानी इथं सुमारे २५ वर्षे होती. पुढे ती रायगडावर गेली. २०२५ साली युनेस्कोनं १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात राजगडही आहे.

गुंजवणे गावातून वर जाणारी वाट चोरदरवाजानं गडात शिरते. ती खडी आहे. पाली दरवाजाची वाट त्या मानानं सोपी. पाहुण्यांत म्हातारी माणसं असली, तर त्यांना पाली दरवाजानं न्यावं. चांगला वाटाड्या आधी माणसं पाहतो, मग वाट ठरवतो.

वर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. मधे उंच बालेकिल्ला आहे. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी दाखवतात. सुवेळा माचीकडे खडकाला आरपार भोक आहे. त्याला नेढं म्हणतात. हे सगळं नीट सांगावं. दंतकथा सांगायची तर ‘लोक असं सांगतात’ म्हणून सांगावी. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणावं. पदरच्या गोष्टी रचू नयेत. एक खोटं उघडं पडलं, की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता पैशाचं बोलू. ‘काय द्यायचं ते द्या’ असं कधी म्हणू नये. पाहुण्याला भाव ठाऊक नसतो. तो कमी देतो, आपण मनात कुढतो. आधी ठरवावं, मगच चढावं. शक्य तर थोडा विसार घ्यावा. घरची पिठलं-भाकरी दिली, तर तिचे पैसे वेगळे लावावेत. पीठ, सरपण आणि घरच्या बाईचे कष्ट त्यात धरावेत.

समजा, दिवसाचे ८०० रुपये ठरले. महिन्यात चार शनिवार आणि चार रविवार काम मिळालं. ८ गुणिले ८०० म्हणजे ६,४०० रुपये झाले. पण दर महिना असा जात नाही. उन्हाळ्यात पाहुणे कमी येतात. पावसाळ्यात गर्दी होते, तेव्हाच भाताची लावणी असते. म्हणून शेती सोडू नये. हा जोडधंदा आहे.

मध्यस्थामार्फत पाहुणे आले, तर पैसे त्याच्या हातात जातात. आपल्या वाट्याला उरलेले येतात. यावर उपाय आपल्याच हातात आहे. एक वही ठेवा. तारीख, पाहुण्याचं नाव, फोन नंबर, माणसं किती, पैसे किती, हे लिहा. पुढच्या वर्षी तुम्हीच त्यांना फोन करा. आपण अक्षरं शिकलो ती याचसाठी.

शेवटी एक गोष्ट. जोराचा पाऊस असेल, दगड निसटत असतील, तर ‘आज वर जायचं नाही’ असं स्पष्ट सांगा. त्या दिवसाची मजुरी बुडेल. पण माणसं सुखरूप घरी जातील, आणि तुमचं नाव राहील.

प्रश्न
१. पैसे चढण्याआधी का ठरवावेत?
२. वहीत काय काय लिहावं?
३. तुमच्या गावाजवळ पाहण्याजोगं काय आहे? पाच ओळी लिहा.